नालीच्या दोन काठांवरची सभा

सातपिंपळ पुन्हा एक झालं तर करुणाला काय मिळणार होतं, ते मांडायला कागद लागत नव्हता. सरपंचपद जाणार होतं. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायचा मान जाणार होता. कुणाच्याही दारात गेल्यावर चहाचा पहिला कप हातात यायचा, तो पुन्हा शेवटून यायला लागणार होता. आणि जमेच्या बाजूला काय, तर एक नळ. तोही अजून बसायचाच होता.

साहेबरावांचं गणित याच्या बरोबर उलटं होतं. आठ वर्षांपूर्वी गाव फुटलं तेव्हा त्यांनी पै न घालता सरपंचपद कमावलं होतं. एका गावात दोन मोठी माणसं मावत नव्हती, म्हणून गावंच दोन केली, आणि मग दोघंही मावले. सातपिंपळ खुर्दचे पहिले सरपंच साहेबराव, सातपिंपळ बुद्रुकचे कडूबा.

भांडण पोळ्याचं होतं. तोरणाखालून पहिली बैलजोडी कुणाची जायची, यावरून या दोन भाऊबंदांमध्ये आजोबांच्या काळापासून धुसफूस होती. त्या वर्षी ती हातघाईवर आली, दोन तोरणं बांधली गेली, आणि दिवाळीच्या आत ग्रामसभेत गाव विभागायचा ठराव अकरा मतांनी मंजूर झाला. 'आपलं राज्य आपल्याकडं' असं जिंकणारे म्हणाले. हरणारेही पुढं आठवडाभरात तेच म्हणायला लागले, कारण दोन पंचायती म्हणजे दुप्पट मेंबर. गंमत अशी की तेव्हाही दोघांच्या दारात बैल नव्हते. ट्रॅक्टर होते. साहेबराव पोळ्यापुरती जोडी पिशोरहून भाड्यानं आणायचे आणि कडूबा मेव्हण्याकडून मागून आणायचे. ज्या बैलांच्या मानासाठी गाव फुटलं, ते दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी निघून गेले.

राहिलं ते पाणी. गावाची विहीर तळ्याच्या काठी, ती बुद्रुकमध्ये गेली. पाण्याची टाकी टेकाडावर, ती खुर्दमध्ये आली. बुद्रुक म्हणालं, आमच्या मोटारीनं तुमची टाकी काऊन भरायची? खुर्द म्हणालं, आमच्या टाकीतून तुमच्या घरी पाणी काऊन सोडायचं? दोघांचंही बरोबर होतं. त्यामुळं विहीर तुडुंब राहिली, टाकीत कबुतरांनी संसार मांडले आणि दोन्ही गावांच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन एकाच हातपंपावर भांडू लागल्या.

सरकारला या दोन गावांसाठी एकच माणूस मिळाला, राजेंद्र. हे ग्रामसेवक. दोन गावांना दोन ग्रामसेवक मिळेनात म्हणून दोन्हीकडचा कारभार यांच्याकडंच. सोमवारी बुद्रुकच्या कचेरीत बसून ते खुर्दच्या ग्रामसेवकाला पत्र लिहायचे, की पाण्याबाबत आपला खुलासा त्वरित सादर करावा. मंगळवारी खुर्दच्या कचेरीत तेच पत्र घ्यायचे, आवक क्रमांक टाकायचे आणि स्वतःलाच कडक शब्दांत उत्तर द्यायचे. एकदा तर त्यांनी स्वतःला स्मरणपत्र धाडलं होतं.

करुणा गावात आली ती सहा वर्षांपूर्वी, अजिंठ्याहून, लग्न होऊन. नवरा प्रणय चिकलठाण्याच्या कंपनीत, सासू भामाबाई इथं भीमनगरच्या गल्लीत. ही गल्ली म्हणजे हद्द. गाव विभागताना रेघ गल्लीतल्या नालीवरून गेली. डावीकडची घरं खुर्द, उजवीकडची बुद्रुक. मोठ्या माणसांनी ती सहज आखली नव्हती. बौद्धांची अख्खी वस्ती एका बाजूला गेली असती तर तिच्या मतांचं वजन झालं असतं. अर्धी अर्धी केली, की दोन्हीकडं चिमूटभर.

पण वाटणाऱ्यांच्याही हिशेबात चूक राहते. दुसऱ्या निवडणुकीत खुर्दचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी निघालं. साहेबरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि भीमनगरातली बी.ए. झालेली सून शोधली, करुणा. "शिकेल हाय, सही झ्याक करील," एवढीच पारख. ते उपसरपंच झाले. करुणानं पहिले सहा महिने सही झ्याक केली. मग सहीच्या वरचं वाचायला लागली.

हातपंपाचा दांडा त्या उन्हाळ्यात तुटला. भामाबाई गुडघ्याला पट्टा बांधून तळ्याच्या वाटेनं दुसऱ्यांदा निघाली, तेव्हा करुणा दारात सरपंचाच्या नावाचा शिक्का हातात घेऊन उभी होती.

"आत्या, ठेवा तो हंडा. मी जाते."

"तू काऊन? सरपंच हायस ना तू?" सासू म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी करुणानं सकाळची एसटी धरली आणि संभाजीनगर गाठलं. जिल्हा परिषदेच्या कचेरीत तीन टेबलं फिरल्यावर चौथ्या टेबलावरच्या मॅडमनी चष्मा वर केला.

"गाव विभागायचंय?"

"नाही. जोडायचंय."

मॅडमनी आजूबाजूच्यांना हाक मारून तिला दाखवलं. "अहो, इकडं बघा. जोडायला आल्यात!" मग खुर्ची पुढं केली. दोन्ही ग्रामसभांचे ठराव लागतील, मग वरची मंजुरी, हे सगळं सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण ताई, एकत्र झालं की दोन्ही पंचायती बरखास्त. तुमचं पद जाईल, कल्पना आहे ना?"

"पद पाणी भरायला येत नाही मॅडम," करुणा म्हणाली. बोलताना सोपं वाटलं. जिना उतरताना तिला झेंड्याची दोरी आठवली, आणि गेल्या वर्षी तिनं ती ओढली तेव्हा भामाबाईनं लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले होते, तेही.

तिथून ती चिकलठाण्याला प्रणयच्या खोलीवर गेली. एका खोलीत सातपिंपळची आठ पोरं, चार खुर्दची, चार बुद्रुकची, तीन शिफ्ट, एक शेगडी. बुद्रुकचा शिवम, म्हणजे कडूबांचा सख्खा पुतण्या, भाकऱ्या थापत होता.

"जय भीम वहिनी! बसा, बुद्रुकची भाकर खाता का खुर्दची?"

"फरक काय?"

"बुद्रुकची करपेल असती," प्रणय म्हणाला.

"अन् खुर्दची कच्ची. सरपंचाचा नवरा थापतो ना!"

मोबाइलवर बातम्या चालू होत्या. चार माणसं एकमेकांवर ओरडत होती, देश दुभंगलाय आणि याला तुम्हीच जबाबदार. शिवमनं तो बंद केला. "वहिनी, एवढाल्या देशांनी मतं देऊन चुका केल्या, त्यांना त्या निस्तरता येईनात. आपल्या दोन म्हाताऱ्यांचं काय घेऊन बसल्या?"

"देशांचं मला ठाऊक नाही. त्यांची विहीर एकीकडं अन् टाकी दुसरीकडं असती तर त्यांनाही सुचलं असतं. तुमी सांगा, मतदानाची नावं गावातच हायेत ना तुमची?"

आठही नावं गावात होती. शिवाय चिकलठाण्यात अशा आणखी बऱ्याच खोल्या होत्या. रविवार असंल तर येऊ, म्हणाली पोरं.

आता राहिले दोन मोठे. करुणा आधी साहेबरावांकडं गेली. ते शेडमध्ये ट्रॅक्टर पुसत होते.

"एक व्हायचं? व्हय, पण मंग सरपंच कोन?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच.

"ते मी कसं सांगू, आप्पा? गाव मोठं होईल. मोठाच माणूस लागंल."

 साहेबरावांनी ट्रॅक्टरच्या आरशात स्वतःकडं जरा बघितलं.

"फक्त एक पाहिजे," करुणा म्हणाली. "टाकीवरून खाली येणाऱ्या लाइनीचा पहिला नळ आमच्या गल्लीत. लाइन दारावरून जाती, पण गाव एक होतं तेव्हाही आम्हाला शेवटच्या टोकाचं पाणी मिळालं. कधी आलं, कधी नाय."

"पहिला?" त्या शब्दाला साहेबरावांचे कान टवकारले. "पहिला मान म्हंजे—"

"नळाला मान नसतो आप्पा, प्रेशर असतं."

ते हसले. नळच तो. खुर्चीच्या मानानं स्वस्त.

संध्याकाळी नालीपलीकडं जाऊन तिनं कडूबांना तेच सांगितलं. तोच नळ, आणि तेच वाक्य, शब्दाला शब्द. मोठं गाव, मोठा माणूस. कडूबांनीही मान डोलावली. दोघांनी त्या वाक्यात आपापलं नाव ऐकलं. करुणानं कुणाचंच घेतलं नव्हतं.

अडलं पुढं. आधी सभा कुणी घ्यायची? साहेबराव म्हणाले, आधी बुद्रुकनं ठराव करावा, आमी मागून हायच. कडूबा म्हणाले, खुर्दनं आधी करावा, मोठेपणा त्यांचाच दिसंल. आधी हात वर करील तो शरण आला, असं दोन्हीकडं ठरून गेलं होतं. राजेंद्र ग्रामसेवकांनी याबाबत स्वतःला दोन पत्रं लिहिली.

तेव्हा करुणानं सभेची जागा सांगितली. भीमनगरची गल्ली. खुर्दची सभा नालीच्या डाव्या काठाला, बुद्रुकची उजव्या. एकच दिवस, एकच वेळ. ग्रामसेवक एकच, तर त्यांनी मधोमध उभं राहून ठराव एकदाच वाचायचा आणि दोन्ही काठांनी हात वर करायचे. तालुक्याहून आलेल्या विस्तार अधिकारी रूपा मॅडमनी नियम चाळले. सभा आपापल्या हद्दीत हवी, असं होतं. हद्दींमध्ये अंतर किती हवं, ते कुठंच नव्हतं.

मे महिन्यातला रविवार. दोन्ही बाजूंना सतरंज्या, दोन टेबलं, दोन रजिस्टर, वर एकच ताडपत्री, कारण दुसरी मिळाली नाही. राजेंद्र एक पाय खुर्दमध्ये आणि एक बुद्रुकमध्ये ठेवून नालीवर उभे होते. नऊच्या सुमाराला पिशोरच्या रस्त्यावरून मोटारसायकलींचा आवाज आला. चिकलठाण्याची पोरं आली होती, एकेका गाडीवर तिघं, रात्रपाळीची तशीच कंपनीच्या शर्टात. गल्लीच्या तोंडाशी उतरली आणि पहिल्यांदाच पंचाईत झाली, की कुणी कुठल्या काठाला बसायचं. खोलीवर कुणी विचारलं नव्हतं.

राजेंद्रनी घसा साफ करून ठराव वाचला. दोन्ही ग्रामपंचायती एकत्र करण्यात याव्यात, पाणीपुरवठा तत्काळ संयुक्त सुरू करावा, पहिला नळ भीमनगर. "तरी उपस्थितांनी—"

"थांबा," साहेबराव उठले. "ठराव बराबर हाय. पन त्यात एक ओळ कमी हाय. गाव फुटलं ही चूक कोनाची, ती लिवा. मंग हात वर."

नालीपलीकडून कडूबा उठले. "लिवा की! नाव सगळ्यायला ठाऊक हाय. सा लिवा, हे लिवा, पुढचं सांगू का?"

"तोंड सांभाळ, कडू!"

"बैल कोन आडवे घातले?"

"अन् तोरन कोन बांधलं येगळं?"

आठ वर्षं दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. कुणाच्या लग्नाला कोण आलं नाही, कुणाच्या मयतीला कुणी खांदा दिला नाही, कुणी कुणाची वाट नांगरली. सतरंज्यांवरची माणसं उभी राहिली. रूपा मॅडम बॅग आवरायला लागल्या. करुणानं भामाबाईकडं बघितलं. म्हातारी उंबऱ्यावर बसून गुडघ्याचा पट्टा सैल करत होती, जसं काही तिला माहीतच होतं, की आज पुन्हा तळ्याकडं जावं लागणार.

करुणा टेबलावरून उठली आणि राजेंद्रांजवळ नालीवर आली. माइक घेतला.

"लिहा भाऊसाहेब. गाव फुटलं ही चूक सरपंचाची. नाव करुणा प्रणय. शाईनं लिहा."

आवाज एकदम खाली बसला. राजेंद्रनी सवयीनं लिहून टाकलं.

पहिली बोलली ती कडूबांची आई, सारजाबाई. पंच्याऐंशीची म्हातारी, मिसरीचं बोट तोंडातून काढून खणखणीत म्हणाली, "अगं येडे! गाव फुटलं तवा तू अजिंठ्याला कालिजात जात व्हतीस! तुही चूक कशी गं?"

"मंग कुणाची, माय?"

"या दोन टोणग्यांची! एक म्या पैदा केला, अन् दुसरा माह्या जावंनं. लिव तसं!"

गल्ली हसली. आधी बाया, मग पोरं, मग सगळे. शिवम तर सतरंजीवर आडवा झाला. हसण्यात कडूबांचा चेहरा उतरत गेला. नालीपलीकडची, दुसऱ्या गावची, परवा लग्न होऊन आलेली सून सगळ्या भाऊबंदांसमोर त्यांचं ओझं उचलून उभी होती. त्यांनी पटका काढला, मांडीवर ठेवला.

"राजेंद्र," ते म्हणाले, "तिचं खोड. माहं नाव लिव."

झालं. साहेबरावांना जणू चटका बसला. कडूबा पहिला? "त्याचं कसं काय? गाव फोडायचा ठराव मांडला कोनी? म्या! जुनं रजिस्टर काढा. माहं नाव आधी."

"आदी तोरन म्या बांधलं!"

"तोरन पोळ्याला, ठराव दिवाळीला, मान्य. पन फुटलं ते ठरावानं फुटलं! तोरनानं गाव फुटत नसतं."

"म्या तोरन बांधलं नसतं तर तू ठराव कशाचा मांडला असता?"

मघाशी चूक दुसऱ्याच्या नावावर घालायला भांडणारे दोघं आता ती आपल्या नावावर पहिली लागावी म्हणून नालीच्या दोन काठांवर तावातावानं पुरावे देत होते. पोरांनी शिट्ट्या मारल्या. राजेंद्र पेन धरून एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होते. "नेमकं कुणाचं लिहू साहेब?"

"एकाच ओळीत लिहा," करुणा म्हणाली. "शेजारी शेजारी. माझं वर राहू द्या, ते आता खोडता येत नाही. रजिस्टरात खाडाखोड चालत नसती ना, भाऊसाहेब?"

"अजिबात नाही," राजेंद्र म्हणाले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना एखादा नियम आवडला.

हे तिला त्या क्षणी सुचलं की एसटीत बसल्या बसल्याच तिनं ठरवलं होतं, ते तिनं प्रणयलाही सांगितलं नाही. पण पहिलेपणासाठी हे दोघं काहीही अंगावर घेतील, एवढं तिनं सरपंचपदाच्या दोन वर्षांत नक्की वाचलं होतं.

रूपा मॅडम म्हणाल्या, "ठरावात चूक वगैरे लिहायची पद्धत नाही."

"मग कुठं लिहायची पद्धत हाय, मॅडम?" शिवमनं विचारलं.  मॅडमनी बॅग पुन्हा खाली ठेवली.

हात वर झाले. दोन्ही काठांना एकाच वेळी, ताडपत्रीला लागतील असे. विरोधातही होते काही हात, दोन्हीकडं. ते मोजले, लिहिले. सगळं गाव एकदिलानं उठलं असं पुढं कुणी सांगितलं तर ते खोटं धरावं. पण या वेळी फरक अकरा मतांचा नव्हता. चिकलठाण्याची पोरं सोडा, हातपंपावर रोज भांडणाऱ्या बायांनीच तो मोजण्यापलीकडं नेऊन ठेवला.

वरच्या मंजुरीला पावसाळा उलटला. पाण्यानं तेवढी वाट बघितली नाही. त्याच दुपारी पोरं टेकाडावर चढली, कबुतरांना हाकललं, टाकीतून गाळ उपसला. साहेबरावांच्या ट्रॅक्टरमधून पाइप आला, कडूबांच्या ट्रॅक्टरमधून प्लंबर. दुसऱ्या दिवशी सकाळी बुद्रुकच्या विहिरीवर मोटार सुरू झाली आणि तिचा आवाज खुर्दात ऐकू आला. आठ वर्षांत जन्मलेल्या पोरांना तो कशाचा ते सांगावं लागलं.

भीमनगरात नव्या नळासमोर अख्खी गल्ली उभी. आधी नुसती हवा फुसफुसली. मग तांबडं, मातकट पाणी आलं. बाया म्हणाल्या, सोडा, सोडा, वाहू द्या. मग पांढरंशुभ्र, जोरदार, की हंडा हातातून निसटावा. सारजाबाई नाली ओलांडून काठी टेकत आली आणि तिनं भामाबाईचा पहिला हंडा स्वतःच्या हातानं नळाखाली धरला. ही म्हातारी आजवर या गल्लीत पाण्याला कधी आली नव्हती. का आली नव्हती, ते त्या सकाळी कुणी काढलं नाही. भामाबाईनं तिला तांब्याभर पाणी दिलं आणि ती ते सगळ्यांसमोर घटाघटा प्यायली.

"गोड हाय," म्हणाली.

"विहीर तुमचीच हाय, माय," भामाबाई म्हणाली.

"अन् टाकी तुमची. चल, दुसरा लाव."

ढोल कुणी आणला होता, कळलं नाही. प्रणय आणि शिवम ओले होईस्तोवर नाचले आणि दोघांची सोमवारची पहिली पाळी बुडाली.

दिवाळीच्या सुमाराला आदेश आला. दोन्ही पंचायती बरखास्त, सातपिंपळ ही एकच ग्रामपंचायत, निवडणुकीपर्यंत प्रशासक. करुणानं शिक्का राजेंद्रांच्या हाती दिला. घरी आली तेव्हा शेजारच्या बाईनं चहा आणला, आणि पहिला कप तिलाच दिला. हा एक कप तिच्या हिशेबात नव्हता.

आता ज्याचं त्याच्या नावावर टाकायचं तर असं. साहेबराव आणि कडूबा दोघंही मोठ्या गावाचे मोठे उमेदवार आहेत. रोज सकाळी एकीचं महत्त्व सांगत गल्लोगल्ली हिंडतात आणि भीमनगरात आल्यावर नळाचं पाणी मागून पितात, कारण तिथली मतं आता एका जागी आहेत. त्यांना या सगळ्याची किंमत पडली ती एका ओळीत शेजारी शेजारी दोन नावं, एवढीच. राजेंद्रांची स्वतःशी चाललेली पत्रं बंद झाली. त्यांना कधीकधी करमत नाही. शिवम आणि प्रणयचा एका पाळीचा पगार गेला. गाव जोडायची किंमत करुणानं भरली, पूर्ण, रोख, एकरकमी. आणि गाव फोडायची किंमत आठ वर्षं हंड्या-हंड्यानं भरली ती भामाबाईनं, नालीच्या दोन्ही काठांवरच्या बायांनी. ती कुणी परत केली नाही आणि करता येणारही नाही. फक्त ती भरणं आता थांबलं.